कर्ता हरवलेली वाक्यं

आज एकाच कादंबरीबद्दल बोलतो, तेही तिच्या व्याकरणाबद्दल. आयरिश लेखक रॉडी डॉइल यांची 'द वुमन हू वॉक्ड इंटू डोअर्स', १९९६ सालची. तिची नायिका पॉला स्पेन्सर आधी १९९४ च्या 'फॅमिली' या टीव्ही मालिकेत आली होती आणि आयर्लंडात त्यावरून बराच वाद झाला होता. डब्लिनमध्ये साफसफाईची कामं करणारी, दारूच्या आहारी गेलेली ही एकोणचाळीस वर्षांची बाई आपली गोष्ट स्वतःच सांगते. नवरा चार्लो.

नावाचा अर्थ, दारांवर आपटलेली बाई. हॉस्पिटलात हेच सांगायचं असतं. आता हे वाक्य तपासून बघा. त्यात जखम आहे, दार आहे, नवरा नाही. कर्ता कोण? तीच! मराठीत तर आणखी सोय. 'पडले', 'लागलं', फार झालं तर 'त्यांचा हात उठला'. हात उठला म्हणे. जणू त्या हाताला माणूस जोडलेलाच नाही. डॉक्टर-नर्सना दारूचा वास येतो आणि त्यांचं निदान तिथंच संपतं. एकदा तरी कुणी विचारावं, ही तिची मनातली विनवणी डॉइल पुन्हापुन्हा आणतात.

पहिला मार ती एका दमात सांगूच शकत नाही. ती गरोदर होती, चहावरून बोलाचाली झाली आणि ती जमिनीवर. मधलं काय? ती परत सांगते, फिरवून सांगते, आपणच चिडवलं का म्हणून स्वतःची उलटतपासणी घेते. 'पडले' इथून निघून 'पाडलं' इथवर यायला तिला वर्षं लागतात. मराठीत हे अंतर एका कान्याचं आहे.

आणि लेखक आपल्यालाही सोडत नाही. नाचाच्या हॉलमधली पहिली भेट इतक्या लाडानं सांगितली आहे की चार्लो आपल्यालाही आवडतो. माराचं सविस्तर वर्णन फार उशिरा येतं. तोवर आपणही तिच्यासारखेच सबबी शोधत असतो. मी तरी शोधत होतो.

शेवटी चार्लोची नजर मुलीकडे, निकोलाकडे वळलेली ती पाहते, फ्राइंग पॅन उचलते, त्याला हाणते आणि घराबाहेर काढते. इथं वाक्यांत 'मी' ठामपणे येतो. पाणिनीनं कर्त्याची व्याख्या 'स्वतंत्र' अशी केली आहे, ती इथं आठवते. मला खटकतं ते एवढंच, की इतक्या वर्षांत स्वतःसाठी तिनं तो पॅन उचलला नव्हता.