नाव कोणाचे? किंग क्रिमसनची बावन्न वर्षे

१९८२ साली किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचा 'बीट' हा अल्बम आला, तेव्हा त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. आधीच्या अल्बमवर जे चौघे वाजवत होते, तेच चौघे याही अल्बमवर होते. बँड उभा राहून तेव्हा तेरा वर्षे झाली होती आणि हा त्यांचा नववा स्टुडिओ अल्बम होता. पहिल्या आठांपैकी लागोपाठचे कोणतेही दोन अल्बम एकाच संचाने केलेले नाहीत. लांबलचक रचना, विषम मात्रांची आवर्तने आणि जाझपासून पाश्चात्य अभिजात संगीतापर्यंतची उसनवारी यांतून साठच्या दशकाच्या अखेरीस 'प्रोग्रेसिव्ह रॉक' घडला. या प्रवाहात माणसे सोडून जाणे नवे नव्हते, पण इतकी गळती मोठ्या बँडला क्वचितच लागली. तिचे रूढ स्पष्टीकरण सोपे आहे: गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हा हेकट माणूस, त्याच्याशी कोणाचे पटले नाही. हे स्पष्टीकरण खोटे नाही, अपुरे आहे. किंग क्रिमसनचा सगळा इतिहास एका ओळीत मांडला, तर असे दिसते की माणसे जाणे हा सुरुवातीला निव्वळ अपघात होता. पुढे फ्रिपने त्या अपघाताचीच कार्यपद्धती केली. संच बदलला की नवे संगीत रचायचे, आणि नवे संगीत सुचेनासे झाले की संच मोडायचा, असा हा नियम होता. या नावाचे सातत्य त्या नियमात शोधावे लागते.

सुरुवातीचा अपघात जबरदस्त होता. जानेवारी १९६९मध्ये लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात पाच जणांनी तालमी सुरू केल्या: फ्रिप, ड्रमर मायकेल जाइल्स, सॅक्सोफोन आणि मेलोट्रॉन वाजवणारा इयन मॅकडोनल्ड, गायक व बेसवादक ग्रेग लेक आणि केवळ शब्द लिहिणारा पीटर सिनफील्ड. जुलैमध्ये हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या मोफत मैफलीआधी त्यांनी लाखोंच्या जमावापुढे वाजवले आणि ऑक्टोबरमध्ये 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' बाजारात आला. मेलोट्रॉन हे पट्टी दाबताच ध्वनिमुद्रित फीत वाजवणारे वाद्य. त्यातून निघणाऱ्या किंचित थरथरत्या तंतुवाद्यांच्या आवाजाने या अल्बमला दरबारी, काळोखी रंग आला. नव्या प्रवाहाचा पाया म्हणून आजही याच अल्बमकडे बोट दाखवले जाते. पण तो आल्यावर दोन महिन्यांतच अमेरिकेच्या दौऱ्यात जाइल्स आणि मॅकडोनल्ड यांनी बँड सोडायचे ठरवले. फ्रिपने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की तुम्ही राहा, मी जातो. त्यांनी तो नाकारला. लेकही लवकरच निघाला आणि एमर्सन, लेक अँड पामर या बँडमध्ये गेला. वर्षभरात पाचांपैकी दोघे उरले.

पुढची दोन वर्षे माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जातात, हे मान्य केले पाहिजे. १९७० आणि १९७१ या वर्षांत 'इन द वेक ऑफ पोसायडन', 'लिझर्ड' आणि 'आयलंड्स' असे तीन अल्बम आले आणि प्रत्येक वेळी गेलेल्याची जागा भरण्याची धडपड दिसते. सोडून गेलेला जाइल्स 'पोसायडन'वर पाहुणा म्हणून ड्रम वाजवतो, 'लिझर्ड'मध्ये येस या बँडचा जॉन अँडरसन एका भागापुरता गातो. बॉझ बरेल गायक म्हणून आला, बेसवादक मिळेना म्हणून फ्रिपने त्यालाच बेस शिकवला. १९७२च्या आरंभी सिनफील्डही बाहेर पडला आणि उरलेल्यांनी अमेरिकेचा दौरा केला तो मुख्यतः करार पाळण्यासाठी. या काळात पद्धत नव्हती, डागडुजी होती. डागडुजीतून जे संगीत निघाले त्यात सुंदर तुकडे आहेत, पण पहिल्या अल्बमची सावली त्यावर सतत पडलेली आहे. म्हणूनच १९७२चा उत्तरार्ध निर्णायक ठरतो. त्या वेळी फ्रिपने जागा भरणे थांबवले आणि जागाच बदलल्या.

नव्या संचात सॅक्सोफोन आणि बासरी गेली, व्हायोलिन आले. डेव्हिड क्रॉस व्हायोलिन वाजवत होता आणि जॉन वेटन गायन व बेस सांभाळत होता. ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड होता. त्याने 'क्लोज टू द एज'सारखा अल्बम पुरा करून, ऐन बहरात असलेला येस सोडला होता. त्याच्या शेजारी जेमी म्यूर साखळ्या, पत्रे, खेळण्यांतल्या शिट्ट्या यांसकट मिळेल त्या वस्तूतून आघात काढत होता. 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' (१९७३) ऐकताना पहिल्या अल्बमचा दरबार आठवतसुद्धा नाही. तो अल्बम बाहेर पडेपर्यंत म्यूर स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठाकडे वळला होता, पण या वेळी कोणी बदली शोधला नाही. उरलेल्या चौघांनी मैफलीत आयत्या वेळी रचना उभ्या करण्यावर भर दिला. पुढच्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'चा (१९७४) मोठा भाग प्रत्यक्ष मैफलींतून घेऊन श्रोत्यांचा आवाज पुसून तयार केला आहे. त्यातली 'ट्रायो' ही रचना जवळून पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९७३मध्ये ॲमस्टरडॅमच्या मैफलीत व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन यांच्यात एक अतिशय हळुवार संवाद सुरू झाला. ब्रुफर्ड ड्रम्सपाशी काठ्या घेऊन बसून राहिला आणि त्याने एकही आघात केला नाही. अल्बमवर मात्र या रचनेच्या श्रेयात त्याचेही नाव आहे. न वाजवण्याचा निर्णयही रचनेचा भाग मानणारा बँड माणसांकडे भाडोत्री हात म्हणून पाहत नव्हता, याचा इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच वर्षीच्या 'रेड'पर्यंत क्रॉसही सदस्य राहिला नव्हता, उरले तिघेच. शेवटची 'स्टारलेस' ही बारा मिनिटांची रचना. तिच्या मधल्या भागात तेरा मात्रांच्या आवर्तनावर गिटार एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत राहते, मग किंचित वर सरकते, पुन्हा तेच. बेस आणि ड्रम्स मात्र दर आवर्तनाला दाट होत जातात. ताण असह्य झाल्यावर जो सॅक्सोफोन फुटतो तो कोणाचा? मेल कॉलिन्स आणि इयन मॅकडोनल्ड यांचा. पूर्वीच्या संचांतले दोघे इथे पाहुणे म्हणून परत आले आहेत, आणि मॅकडोनल्ड पुन्हा सदस्य होईल अशीही बोलणी होती. सप्टेंबर १९७४मध्ये, अल्बम बाजारात येण्याआधीच, फ्रिपने बँड संपल्याचे जाहीर केले. एका टोकाला पोचलेला संच त्याच टोकावर थांबवला गेला. व्यापाराच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. पण 'रेड' ऐकल्यावर याच तिघांनी 'रेड'ची दुसरी आवृत्ती काढायला हवी होती असे म्हणवत नाही.

१९८१मध्ये नाव परत आले तेव्हा पद्धत पूर्णपणे उघड झाली. फ्रिप आणि ब्रुफर्ड यांच्या जोडीला एड्रियन बलू आणि टोनी लेविन हे दोन अमेरिकन आले. मेलोट्रॉन नाही, व्हायोलिन नाही, सॅक्सोफोन नाही. लेविनकडे दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर आघात करून वाजवायचे चॅपमन स्टिक होते. ब्रुफर्डला झांजांचा वापर कमीत कमी ठेवण्याची सूचना होती, कारण त्या स्वरपट्टीत आता गिटारी नांदणार होत्या. इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यमेळासारखी दोन गिटारींची वीण हा या संचाचा प्राण. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये एक गिटार सात मात्रांच्या आवर्तनात चालते. दुसरी तोच स्वरसमूह घेते, पण दर दोन आवर्तनांमागे एक मात्रा गाळून चौदाऐवजी तेरा वाजवते. दोघी हळूहळू एकमेकींपासून सुटतात आणि नंतर पुन्हा समेवर भेटतात. ही कल्पना एका वादकाला वाजवून दाखवता येत नाही. तिला समोर तितक्याच ताकदीचा दुसरा गिटारवादक लागतो. किंग क्रिमसनमध्ये तोवर फ्रिपशेजारी दुसरी मुख्य गिटार नव्हती. संच बदलल्यामुळे संगीत बदलले असे इथे म्हणण्यापेक्षा, जे संगीत हवे होते त्यासाठी संच घडवला असे म्हणणे योग्य. १९९४चा 'दुहेरी त्रिकूट' हा सहा जणांचा संच त्याच विचाराचा: दोन गिटारवादक, दोन स्टिकवादक, दोन ड्रमर. तो जड झाला तेव्हा १९९७पासून त्याचे छोटे तुकडे करून प्रयोग केले गेले आणि त्यांतून २००० आणि २००३चे अल्बम करणारे चौघे निघाले. तिथे ब्रुफर्ड कायमचा बाहेर पडला.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे म्हणजे रॉबर्ट फ्रिपचा एकखांबी तंबू, बाकीचे येणारे-जाणारे. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक संचात असलेला तो एकमेव माणूस. पण एकखांबी तंबूचा मालक जसा वागतो तसा तो वागलेला नाही. १९६९मध्ये त्याने स्वतः बाहेर पडण्याची तयारी दाखवली. १९७४मध्ये आपल्या जागी मॅकडोनल्डला घेऊन बँड चालू ठेवावा असे त्याने व्यवस्थापकांना सुचवले होते. ते त्यांना रुचले नाही. तो गात नाही, आणि गीतांचे शब्द मुख्यतः सिनफील्ड, रिचर्ड पामर-जेम्स आणि बलू यांचे आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे नाव वापरता येण्यासारखे असताना त्याने ते अनेकदा वापरले नाही. १९७९चा 'एक्स्पोझर' त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. १९८१चा संच पहिल्या मैफलींत 'डिसिप्लिन' या नावाने वाजवत होता; हे संगीत किंग क्रिमसनचे आहे असे वाटल्यावरच नाव बदलले. २०११मध्ये जॅको जॅक्सिक, कॉलिन्स आणि लेविन यांच्यासह केलेल्या अल्बमलाही मूळ नाव दिले नाही, केवळ त्याची एक शाखा म्हटले. नाव हे त्याला स्वतःची मालमत्ता वाटत असते तर ते इतक्या काटकसरीने खर्चण्याचे कारण नव्हते.

येसशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. येसमध्येही माणसे सतत बदलली, पण तिथे आवाज कायम ठेवून माणूस बदलण्याकडे कल होता. २००८मध्ये अँडरसनच्या जागी आलेला बेन्वा डेव्हिड आणि २०१२मध्ये त्याच्या जागी आलेला जॉन डेव्हिसन, दोघेही येसचीच गाणी सादर करणाऱ्या बँडमधून आलेले. १९८९मध्ये तर येसचे चार माजी सदस्य एकत्र आले तेव्हा नावाचा हक्क दुसऱ्या गटाकडे असल्याने त्यांना स्वतःच्या आडनावांची पाटी लावावी लागली. मराठी वाचकाला इथे घराण्याची आठवण होईल, पण घराणे पेशकारी आणि बंदिशी पुढच्या पिढीकडे सोपवते. त्या अर्थाने येस घराण्याच्या जवळ जातो. किंग क्रिमसनने चार दशके याच्या उलट केले: १९८१चा संच जुन्या साठ्यातल्या एकदोन रचनाच वाजवी, आणि पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी ऐकायची तर श्रोत्यांना २००२मध्ये माजी सदस्यांनी काढलेल्या वेगळ्या नावाच्या बँडकडे जावे लागे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही पद्धत असेल, पण तिची किंमत माणसांनी मोजली. बँड सोडल्याची खंत काहींना पुढे आयुष्यभर पुरली, आणि काहींना काढले गेल्याचा सल. टोबी ॲमीज यांच्या २०२२च्या माहितीपटात या जखमा स्पष्ट दिसतात; फ्रिपलाही हा प्रवास सुखाचा वाटलेला नाही. संगीत चांगले निघाले म्हणून माणसांशी झालेले वागणे क्षम्य ठरत नाही. मात्र दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ईजी या व्यवस्थापन कंपनीशी दीर्घ वाद झाल्यानंतर फ्रिपने १९९२मध्ये डेव्हिड सिंगलटन यांच्यासह स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि कलाकाराचा स्वामित्वहक्क कलाकाराकडेच राहील असे तिचे धोरण ठेवले. शिवाय सोडून गेलेले परत येत राहिले. ब्रुफर्ड दोनदा परतला, आणि 'रेड'वर पाहुणा असलेला कॉलिन्स चाळीस वर्षांनी पुन्हा सदस्य झाला. केवळ जाच असता तर हे घडले नसते.

शेवटच्या पर्वात माझा मुद्दा सर्वांत कमकुवत ठरतो. २०१४मध्ये सात जणांचा संच उभा राहिला: तीन ड्रमर रंगमंचाच्या अगदी पुढे, बाकीचे मागच्या उंचवट्यावर. या संचाने पहिल्या अल्बमसह सगळा जुना साठा उघडला आणि २०२१पर्यंत नवा स्टुडिओ अल्बम केला नाही. नियम इथे मोडला का? एका अर्थी हो. आधीच्या प्रत्येक संचाची ओळख नव्या रचना होती. या संचाच्या नव्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण तीन ड्रमरना पुढे बसवणे ही जुनी गाणी जशीच्या तशी वाजवण्याची सोय नव्हे. पॅट मॅस्टेलोटो, गॅव्हिन हॅरिसन आणि बिल रीफ्लिन यांनी एका माणसाने वाजवलेला ताल तिघांत वाटून घेतला. एक आघात इकडे, त्याचे उत्तर तिकडे, असा तो प्रकार होता. सरळ नक्कल करणे सोपे गेले असते. २०१६चा 'रॅडिकल ॲक्शन' हा अल्बम मैफलीत ध्वनिमुद्रित करून श्रोत्यांचा आवाज काढून टाकलेला आहे, १९७४च्याच तंत्राने. संगीत केव्हाही रचलेले असो, ते आज नवे असल्यासारखे वाजवायचे, ही फ्रिपची तेव्हाची भूमिका होती. मी तिला नियमाची ताणलेली पण ओळखू येणारी आवृत्ती मानतो. डिसेंबर २०२१मध्ये टोकियोत या संचाची शेवटची मैफल झाली.

२०२४मध्ये या युक्तिवादाची आणखी एक परीक्षा झाली. बलू आणि लेविन यांनी स्टीव्ह वाय आणि डॅनी केरी यांना घेऊन ऐंशीच्या दशकातली किंग क्रिमसनची गाणी अमेरिकेत वाजवली, फ्रिपच्या संमतीने, पण 'बीट' या नावाने. मूळ चौघांपैकी दोघे होते, गाणी तीच होती, तरी त्यांनी जुने नाव घेतले नाही. यावर कोणी म्हणेल की फ्रिप नव्हता म्हणून. पण १९८१च्या वसंतात फ्रिप होता, चौघेही होते आणि पाटी तरीही दुसरी होती. म्हणजे माणसे आणि गाणी पुरेशी नाहीत, आणि फ्रिपही पुरेसा नाही. या संचाकडून असे काही निघते आहे जे आधीच्या कोणत्याच संचाला शक्य नव्हते, अशी वादकांची खात्री झाली तरच हे नाव लागू होते. बहुतेक बँड नाव टिकवण्यासाठी माणसे बदलतात. किंग क्रिमसनमध्ये प्रत्येक नव्या संचाला ते नाव नव्याने कमवावे लागले, आणि ज्या वर्षांत कमावता आले नाही त्या वर्षांत ते बाजूला ठेवले गेले. तेरा स्टुडिओ अल्बम आणि बावन्न वर्षे हा हिशेब त्यामुळे कमी वाटतो, पण मधली मोकळी वर्षेही या बँडच्या कामातच धरायला हवीत.