माकडतापाचा धडा

सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला रोगाचा पहिला सुगावा कोठें लागतो असें विचारलें, तर तो रुग्णालयाकडे बोट दाखवितो. माकडतापाचा धडा मात्र रानांत मरून पडलेल्या माकडापासून सुरू करावा लागतो.

१९५७ सालीं त्या वेळच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर जंगलाच्या परिसरांत माकडें मरूं लागलीं. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना कडक ताप येऊं लागला. अंग ठणके, डोकें फुटे, कित्येकांना रक्तस्राव होई. प्रथम शंका आली ती पीतज्वराची. भारतांत हा रोग पूर्वीं कधींच नव्हता, म्हणून तर ती शंका अधिक भयंकर! परंतु पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील संशोधकांनीं वेगळा काढलेला विषाणु निराळाच निघाला. डांस निर्दोष ठरला, आणि रोग पसरविणारी गोचीड सांपडली.

येथून पुढें विषय खरा रंगतो. ही गोचीड आयुष्यांत तीन वेळां रक्त पिते. बाल्यांत तिला उंदीर, चिचुंद्री, पक्षी पुरतात. मधल्या अवस्थेंत ती माकडाला व माणसाला चावते. आणि पूर्ण वाढ झाल्यावर ती गाईम्हशींना चिकटते. तेथें पोटभर रक्त पिऊन मादी जमिनीवर गळून पडते व मोठ्या संख्येनें अंडीं घालते. गाईला या विषाणूचा फारसा उपद्रव होत नाहीं. तिच्यामुळें वाढते ती गोचिडांची प्रजा. मग दोष गाईचा काय? चांगला अध्यापक या उत्तरावर वर्गाला थांबूं देत नाहीं. गुरें रानांत कां शिरलीं, जंगल तोडून तेथें शेतें व बागा कोणी केल्या, हेंही विद्यार्थ्यानें शोधलें पाहिजे.

२०१५ सालीं गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत आणि २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत हा ताप आला. काजू गोळा करण्याचे दिवस आणि मधल्या अवस्थेंतील गोचिडांचे दिवस एकच; पाचोळ्यांत वांकून बोंडें वेंचणाऱ्याला घरीं बसा असें सांगणें म्हणजे वर्षाची मिळकत सोडा असें सांगणें. रोगावर नेमकें औषध नाहीं. शंभर रोग्यांत साधारण तीन ते पांच दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र तो होत नाहीं.

म्हणून वर्गांत तीन वह्या शेजारीं शेजारीं मांडाव्यात: आरोग्य केंद्राची तापाची, गुरांच्या दवाखान्याची आणि वनखात्याची. माकड मेलें कीं त्याच्या अंगावरील गोचिडी सोडून खालीं पसरतात, आणि ती जागा माणसाला घातक होते. वनरक्षकानें मेलेलें माकड आपल्या वहींत नोंदविलें आणि वही तेथेंच मिटली, तर डॉक्टरला ही वार्ता पहिला तापकरी दारांत आल्यावरच कळते. विद्यार्थ्यानें तिन्ही वह्यांतील तारखा एका नकाशावर उतरवाव्यात. मग त्याला पुढचा प्रश्न आपण होऊन पडतो: तें माकड हातमोजे घालून कोणी उचलावयाचें, आणि त्या वाटेनें उद्यां काजूला जाणाऱ्या बाईला आज संध्याकाळीं निरोप कोणी द्यावयाचा?