जिथं अजून पायवाट नाही



कळसूबाईला तुमच्यापैकी कितीजणी जाऊन आल्यात? माथ्यावर देवीचं देऊळ, वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. दम लागतो, गुडघे बोलायला लागतात, पण वाट चुकत नाही. आपल्या आधी हजारो पायांनी ती वाट मळलेली असते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही.

आता कल्पना करा, याच्या चौपट उंच डोंगर आहे. त्यावर आजवर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. शिडी नाही, वाट नाही, वाट विचारावी असं कुणी नाही. जवळचं गाव मागं राहून आठ-दहा दिवस झालेत. हिमालयात अशी शिखरं आजही पुष्कळ आहेत, आणि काही माणसं मुद्दाम त्यांच्याकडेच जातात. आज त्यांच्याबद्दल बोलूया.

एव्हरेस्ट तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ साली तिथं पोचली. एव्हरेस्ट सोपं मुळीच नाही, पण तिथं दर हंगामात शेर्पा लोक आधी जाऊन दोर बांधून ठेवतात, तंबू कुठं टाकायचे तेही ठरलेलं असतं. न चढलेल्या शिखरावर यातलं काही नसतं. उंची कमी असली तरी पहिला प्रश्न असा, की चढायचं कुठून?

१९५५ सालची गोष्ट आहे. स्कॉटलंडमध्ये बायकांचा स्वतःचा गिर्यारोहण क्लब होता, १९०८ साली सुरू झालेला. पुरुषांच्या क्लबात बायकांना घेत नसत, म्हणून यांनी आपला वेगळा काढला. त्या क्लबातल्या तिघी, मोनिका जॅक्सन, एलिझाबेथ स्टार्क आणि एव्हलिन कॅमरास, नेपाळला आल्या. फक्त बायकांनी काढलेली हिमालयातली ती पहिली मोहीम मानली जाते. त्यांनी निवडला जुगल हिमाल, काठमांडूच्या ईशान्येला, तिबेटच्या हद्दीला लागून. त्या भागातल्या हिमनद्यांची नीट पाहणी तोवर कुणी केलेली नव्हती.

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. वाहते, पण इतकी सावकाश की डोळ्यांना दिसत नाही. वाहताना तिला भेगा पडतात, काही तर विहिरीएवढ्या खोल. त्यांवर ताजा बर्फ पडला की तोंड झाकलं जातं. कठडा नसलेल्या विहिरीवर गवत माजावं, तसंच. म्हणून दोघी-तिघी एकाच दोराला बांधून, मध्ये अंतर ठेवून चालतात. एकीचा पाय गेला तर बाकीच्या दोर ताणून धरतात.

अशा मोहिमेत खरी चढाई थोडे दिवस आणि पाहणीच जास्त दिवस असते. समोरच्या धारेवर चढून शिखराकडे बघत बसायचं. ऊन कुठं पडतं, दगड कधी सुटतात, बर्फ कोणत्या बाजूनं कोसळतो, हे टिपायचं. एक वाट धरायची, पुढं बर्फाची भिंत आडवी आली की मागं फिरायचं आणि दुसरी शोधायची. मला विचाराल तर यात दंडाच्या ताकदीपेक्षा नजर आणि धीर जास्त लागतो.

शेवटी जॅक्सन आणि स्टार्क यांनी वीस हजार फुटांहून उंच असं एक शिखर गाठलं. त्या दोघीच नव्हत्या, बरोबर शेर्पाही होते. शेर्पांच्या म्होरक्याला सरदार म्हणतात. यांचा सरदार होता मिंग्मा ग्याल्गेन. शिखराला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या राणीचं दिलं नाही, स्वतःचंही दिलं नाही. ‘ग्याल्गेन शिखर’ असं दिलं. डोंगरात ओझी वाहणाऱ्यांची नावं बहुधा कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून हे मला फार आवडतं.

आता शरीराचं काय होतं ते सांगते. साडेपाच हजार मीटरवर हवा आपल्या कोकणच्या किनाऱ्याच्या मानानं निम्मी विरळ असते. एका श्वासात निम्मंच मिळतं. डोकं दुखतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. घाईनं वर गेलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं आणि माणूस दगावतो. यावर खात्रीचा उपाय एकच, लगेच खाली आणणं. म्हणून ही मंडळी दिवसा सामान घेऊन वर जातात, ठेवतात आणि झोपायला खाली येतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, असा साधारण नियम आहे.

आणि स्वयंपाक! तिथं पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशालाच उकळतं. खळखळ उकळलेल्या पाण्यातही डाळ कच्चीच राहते. कुकर हवाच. पाणी म्हणजे तरी काय, बर्फ वितळवायचा, तासन्‌तास स्टोव्हपाशी बसून. रॉकेल संपलं की समोर बर्फाचे डोंगर असूनही प्यायला घोटभर नाही. त्यामुळं किती दिवसांचं इंधन न्यायचं, हा हिशेब चुकला तर मोहीमच संपते. आपल्या घरात सिलिंडरचा अंदाज कोण ठेवतं, ते तुम्हाला सांगायला नको.

काही शिखरं मात्र लोकांनी मुद्दाम राखून ठेवलीत. भूतानमध्ये गांगखर पुएनसुम नावाचं ७,५७० मीटरचं शिखर आहे, जगातलं सर्वांत उंच न चढलेलं. तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून सरकारनं गिर्यारोहणच बंद केलंय. आणि त्याच १९५५ साली कांचनगंगा पहिल्यांदा चढणारे, सिक्कीमच्या लोकांना शब्द दिला होता म्हणून, माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले. एवढं चढून थांबायचं, सोपं नसणार.

आता उतरण्याचं. शिखर हाती आलं की अंगातली तार सैल पडते, थकवा असतो, आणि पुष्कळ अपघात तेव्हाच होतात. त्यात हिमनदीतून निघणारे नाले. दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळतो, म्हणून पहाटे गुडघ्याएवढा असलेला नाला दुपारी छातीला लागतो. पाणी असं गार की पाय काही क्षणांत बधिर होतात. जाणकार माणसं नाले पहाटे ओलांडतात, उशीर झाला तर अलीकडच्या काठावर रात्र काढतात. तरीसुद्धा पाण्याचा भरवसा नसतो.

१९७० साली बंगालच्या मुलींची एक तुकडी हिमाचलच्या लाहौल भागात गेली. सुजया गुहा त्यांची म्होरकी. त्यांनी सुमारे वीस हजार फुटांचं, आधी कुणी न चढलेलं शिखर सर केलं. परतीच्या वाटेवर नाला ओलांडताना सुजया गुहा आणि कमला साहा पाण्यात वाहून गेल्या.

त्या शिखराचं नाव ललना. बंगालीतही आणि आपल्या मराठीतही त्याचा अर्थ बाई.