लस कोणाला देता येत नाही?

आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या दंडावर गोल, खोलगट वण दिसतो ना, तो बहुधा देवीच्या लशीचा. त्या काळी गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरायचे आणि लेकरांना टोचून जायचे. त्या लशीमुळेच देवी हटली. १९७५ नंतर भारतात तिचा रुग्ण सापडला नाही. १९८० साली सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पण हीच लस काही मुलांना टोचत नसत. का? कारण ती जिवंत लस होती. देवीच्या जंतूचा एक सौम्य भाऊबंद तिच्यात जिवंत असायचा. दंडावर फोड यायचा, पिकायचा, खपली पडायची. धडधाकट मूल ते सोसायचं. पण अंगावर इसब असलेल्या मुलाच्या कातडीवर तो जंतू पसरून जिवावर बेतायचं. घरात इसबाचं भावंड असेल, तर फोडातल्या पाण्यातून त्यालाही बाधा व्हायची. रक्ताचा कॅन्सर झालेलं किंवा जन्मापासून प्रतिकारशक्ती नसलेलं मूल आणि गरोदर बाई, यांनाही ती लस टाळत.

देवी गेली, पण हा नियम आजही कामाचा आहे. गोवर-रुबेलाची लससुद्धा जिवंतच असते. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक रुग्णालय आहे. तिथे कॅन्सरवर उपचार होतात. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती फार उतरते. अशा वेळी त्याला जिवंत लस देत नाहीत. उपचार संपल्यावर कधी द्यायची, ते त्याचे डॉक्टर ठरवतात. स्टेरॉइडची मोठी मात्रा बरेच दिवस चालू असेल, आधीच्या डोसानंतर श्वास कोंडून जिवावर बेतलं असेल, किंवा मुलगी गरोदर असेल, तरीही ही लस देत नाहीत.

मग अशा लेकराला गोवरापासून कोण वाचवणार? आपली लेकरं. गोवर खोकल्यातून, हवेतून झपाट्याने पसरतो. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात त्याची मोठी साथ आली होती. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले, तर गोवराला वाट सापडत नाही आणि लस न घेता येणारं मूलही सुरक्षित राहतं.

म्हणून खरं कारण आणि सबब यांत फरक करा. साधी सर्दी, बारीक ताप, दात येणं, थोडे जुलाब ही लस टाळायची कारणं नव्हेत. मूल अशक्त आहे म्हणून थांबू नका. कुपोषित मुलाला गोवर जास्त छळतो, त्याला लस आधी हवी.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. टोचण्याआधी मुलाचा आजार, चालू औषधं आणि मागच्या वेळी झालेला त्रास नर्सताईंना नक्की सांगा. घरात केमोथेरपी चालू असलेलं मूल असेल, तर भावंडांना पोलिओचे थेंब द्यायचे का, तेही डॉक्टरांना विचारा. गोवराची लस मात्र भावंडांना द्यायलाच हवी.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने लसीकरणाचं कार्ड सोबत आणा. कोणाचा डोस राहिलाय ते बघा आणि आशाताईंना कळवा.