दुर्बोध स्थळी थांबावे

धार-देवासच्या श्रोत्यांना भोजराजाचा परिचय नको. अकराव्या शतकात त्याने पतंजलीच्या योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ ही टीका लिहिली. तिच्या आरंभीच पूर्वटीकाकारांवर त्याचा आक्षेप आहे : दुर्बोध स्थळ ते ‘अर्थ स्पष्ट आहे’ म्हणून सोडतात आणि सुबोध स्थळी व्यर्थ विस्तार करतात.

आपल्या वर्गांतही हेच घडते. ‘चित्तवृत्ती’ हा शब्द घ्या. व्यवहारात वृत्ती म्हणजे स्वभाव. योगसूत्रांत ती चित्ताची क्रिया. तेथे निद्रा आणि स्मृतीदेखील वृत्तीच. शब्द परिचयाचा म्हणून शिक्षक पुढे जातात. विद्यार्थी अडखळतो आणि स्वतःलाच मंदबुद्धी समजतो. तो दोष त्याचा नव्हे. म्हणून तत्त्वज्ञानपर लेखन करणाऱ्याने ओळखीच्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ प्रथम सांगावा, एवढीच प्रार्थना.