परक्या मातीतला संसार

नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला की घरातल्या बाईने भांडीकुंडी बांधायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून संसार मांडायचा, हा अनुभव रेल्वेत, बँकेत किंवा सैन्यात नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबांना नवा नाही. पण नवे गाव दुसऱ्या खंडात असेल, तिथली भाषा येत नसेल, माहेरचे पत्र यायला काही महिने लागत असतील, आणि ही बदली दोन-चार वर्षांची नसून जन्माची असेल तर?

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतून हजारो धर्मोपदेशक आशिया आणि आफ्रिकेत गेले. त्यांनी काढलेल्या शाळा आणि दवाखाने, केलेली भाषांतरे आणि घडवलेली धर्मांतरे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या बायका आणि परदेशातच वाढलेली मुले यांची हकिगत मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही. तशी एक हकिगत जगापुढे आली, कारण त्या घरातली एक मुलगी पुढे लेखिका झाली. ती म्हणजे पर्ल बक. चिनी शेतकऱ्याच्या जीवनावरची 'द गुड अर्थ' ही तिची कादंबरी 1931 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1938 मध्ये तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ध्येय त्यांचे, प्रवास दोघांचा

पर्लचे वडील ॲबसॅलम सिडनस्ट्रिकर आणि आई कॅरोलिन ही दोघेही अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया भागातली. 1880 मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी ती चीनला निघाली. कॅरोलिन यांना घरी कॅरी म्हणत. आईच्या आजारपणात आणि मृत्यूच्या वेळी त्यांनी मनोमन देवाची सेवा करण्याचे ठरवले होते. वडिलांना हे लग्न आणि हे परदेशगमन पसंत नव्हते, पण मुलीने हट्ट सोडला नाही.

ॲबसॅलम विद्वान होते. भाषा शिकण्याची त्यांना विलक्षण देणगी होती. मात्र घर आणि संसार या गोष्टी त्यांच्या मनात कधी शिरल्याच नाहीत. लग्नानंतर प्रवासाला निघताना त्यांनी सवयीप्रमाणे एकट्यापुरतेच रेल्वेचे तिकीट काढले, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जाई. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण पुढच्या चाळीस वर्षांच्या संसाराची कल्पना या एका तिकिटातून येते.

चीनमध्ये ॲबसॅलम महिनोन् महिने खेडोपाडी हिंडत. कधी होडीने, कधी गाढवावरून, तर कधी पायी. गावात कोणी दगड मारले, कुत्री अंगावर सोडली तरी ते डगमगत नसत. इकडे कॅरोलिन मुलांना घेऊन अनोळखी शहरात भाड्याच्या घरात राहत. नवे केंद्र उघडायचे ठरले की पुन्हा बिऱ्हाड हलायचे.

चार लहान थडगी

या दांपत्याला एकूण सात मुले झाली. त्यांतली एडगर, पर्ल आणि ग्रेस ही तिघेच मोठी झाली. मॉड, आर्थर, ईडिथ आणि क्लाइड ही चौघे बालपणीच गेली. पटकी, घटसर्प आणि हगवण यांवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. प्रतिजैविके आणि या रोगांवरच्या परिणामकारक लशी यांचा काळ अजून यायचा होता. पाणी उकळून पिणे, भाजी नीट शिजवणे, माश्यांपासून अन्न झाकून ठेवणे एवढेच आईच्या हाती होते, आणि ते कॅरोलिन डोळ्यांत तेल घालून करत. तरीही आर्थर आणि ईडिथ काही दिवसांच्याच अंतराने गेली.

या आघातानंतर त्या मोडून पडल्या आणि कुटुंब काही काळासाठी अमेरिकेला परतले. तिथे 26 जून 1892 रोजी पर्लचा जन्म झाला. ती अवघ्या तीन महिन्यांची असताना सगळे पुन्हा चीनला निघाले.

मात्र आता कॅरोलिन पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. एका फिरतीत लेकरू आजारी पडले, तेव्हा त्यांनी पतीला निक्षून सांगितले की, तुम्ही देशभर हवे तिथे प्रवचने करा, पण मी आणि ही मुले यापुढे तुमच्यामागे फिरणार नाही. पतीचा शब्द हाच घरातला कायदा मानण्याच्या त्या काळात असे बोलणे सोपे नव्हते. अखेर यांगत्से नदी आणि जुना महाकालवा जिथे मिळतात, त्या झेनज्यांग शहरात कुटुंब स्थिरावले.

सकाळी इंग्रजी, दुपारी चिनी

या घराचा दिनक्रम मोठा गमतीचा होता. सकाळी आई स्वतः मुलांना शिकवी. अमेरिकेहून टपालाने मागवलेल्या धड्यांवरून गणित, इतिहास आणि इंग्रजी चाले. दुपारी कुंग नावाचे चिनी पंतोजी येत. ते पर्लला चिनी लिपी, अक्षरवळण आणि कन्फ्यूशियसचे विचार शिकवत. संध्याकाळी वांग ही वृद्ध दाई भुताखेतांच्या आणि देवदेवतांच्या गोष्टी सांगे. तिची पावले जुन्या रिवाजानुसार बांधून लहान केलेली होती. पर्ल इंग्रजीइतकीच सहज चिनी बोले. तिचे खेळगडी चिनी होते आणि त्यांच्या घरी ती पोटभर जेवूनही येई. आपले सोनेरी केस आणि निळे डोळे इतरांना विचित्र वाटतात, हे मात्र तिला लवकरच कळले.

कॅरोलिन जिथे जिथे राहिल्या तिथे तिथे त्यांनी बाग केली. अंगण कितीही ओसाड असो, अमेरिकेतली ओळखीची फुले त्या लावायच्या. खिडक्यांना स्वच्छ पडदे आणि भावाने दिलेला छोटा ऑर्गन या गोष्टी प्रत्येक घरात असायच्याच. ज्या देशात आपण राहतो तो आपला नाही आणि जो आपला आहे तो मुलांनी पाहिलेला नाही, ही खंत त्या अशा रीतीने हलकी करत. मुलांना त्या अमेरिकेबद्दल सांगत तेव्हा नेहमी 'आपले घर' असा उल्लेख करत. ऐकून ऐकून मुलांच्या मनात स्वर्गासारख्या एका देशाचे चित्र तयार झाले होते.

उन्हाळा हा मुलांसाठी सर्वांत घातक काळ. म्हणून परदेशी कुटुंबे लुशान पर्वतावरच्या कुलिंग या थंड हवेच्या ठिकाणी जात. सिडनस्ट्रिकर कुटुंबानेही तिथे लहानसे घर बांधले. आपल्याकडच्या मसुरी किंवा कोडाईकॅनॉल इथल्या मिशनरी मुलांच्या शाळांमागेही हाच विचार होता.

दाराशी आलेला जमाव

दुष्काळात परदेशी माणसांमुळेच पाऊस पडत नाही, अशी समजूत पसरे. पर्ल बक यांनी आईच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. ॲबसॅलम फिरतीवर होते. मध्यरात्री घरावर हल्ला करण्याचा बेत दाईच्या कानावर आला. पळून जायला जागा नव्हती. कॅरोलिन यांनी खोली झाडून घेतली, केक केले, चहाचे पेले मांडले, मुलांना झोपेतून उठवून चांगले कपडे घातले आणि खेळायला बसवले. मग दार सताड उघडून त्या शिवण घेऊन बसल्या. हातात सुरे आणि सोटे घेतलेली माणसे आत आली, तेव्हा त्यांनी पाहुण्यांचे करावे तसे स्वागत करून त्यांना चहा दिला. माणसे गोंधळली. कोणी मुलांची खेळणी हाताळली, कोणी चहा घेतला आणि हळूहळू सगळे निघून गेले.

पण धैर्याने प्रत्येक संकट टळत नाही. 1900 मध्ये परदेशी लोकांविरुद्ध बॉक्सर बंड उसळले, तेव्हा मायलेकरांना शांघायला जावे लागले आणि ॲबसॅलम मात्र कामासाठी मागे राहिले. त्या बंडात अनेक मिशनरी कुटुंबे मुलांबाळांसह मारली गेली आणि त्यांहून कितीतरी अधिक चिनी ख्रिस्ती लोकांचा बळी गेला. परदेशी सत्तांनी चीनवर लादलेल्या अपमानकारक तहांचा राग त्यामागे होता. त्याच तहांमुळे मिशनऱ्यांना चीनच्या आतल्या भागात राहण्याची मोकळीक मिळाली होती, हेही विसरून चालणार नाही.

बाहुली आणि बायबल

ॲबसॅलम यांनी बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून साध्या, लोकांच्या बोलीतल्या चिनी भाषेत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ते छापायला पैसे हवेत म्हणून घरखर्चालाच कात्री लागे. आवृत्तीमागून आवृत्ती निघे आणि घरात कपड्यालत्त्यांची ओढाताण होई. अमेरिकन दुकानाच्या सचित्र यादीतली एक बाहुली पर्लला फार हवी होती. ती तिला कधीच मिळाली नाही. वडिलांचा मोठेपणा मान्य करूनही पर्ल बक यांनी ही बाहुली लक्षात ठेवली.

कॅरोलिन यांना सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता, कारण स्त्रियांनी चर्चमध्ये मौन पाळावे असे ॲबसॅलम मानत. मग त्यांनी स्वतःचे काम स्वतःच शोधले. शेजारपाजारच्या बायका त्यांच्याकडे येऊन बसत. आजारी मूल, सासरचा जाच, नवऱ्याचे अफूचे व्यसन असे दुःख त्या मोकळेपणाने सांगत. कॅरोलिन ऐकून घेत, जमेल ते औषध देत, बाळाला न्हाऊ घालायला शिकवत. हाच त्यांचा धर्मप्रचार होता.

दोन घरे, दोन्ही परकी

मुले मोठी झाली की शिक्षणासाठी त्यांना मायदेशी धाडावे लागे. एडगर पोरवयातच अमेरिकेला गेला. पर्ल 1910 मध्ये व्हर्जिनियातल्या महाविद्यालयात दाखल झाली. 'आपल्या' देशात आल्यावर मात्र आपण इथेही परक्याच आहोत हे तिच्या लक्षात आले. तिचे कपडे, बोलणे, विचार सगळेच मैत्रिणींना वेगळे वाटे. 1914 मध्ये आई गंभीर आजारी झाल्याचे कळताच ती शुश्रूषेसाठी चीनला परतली.

हे केवळ एका घराचे नाही. महाराष्ट्रातले ह्यूम घराणे पाहा. रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 मध्ये मुंबईत आले. 1854 मध्ये परतीच्या प्रवासात समुद्रावरच त्यांचा मृत्यू झाला आणि कुटुंब अमेरिकेत राहिले. तरी त्यांचे दोन मुलगे मोठेपणी पुन्हा इकडेच आले. त्यांतले रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी अहमदनगरला आयुष्य घालवले. दुसरे पुत्र एडवर्ड यांचा मुलगा अहमदनगरला जन्मला, डॉक्टर झाला आणि त्याने 1906 मध्ये चीनच्या चांगशा शहरात दवाखाना काढला. अशा घरांतल्या मुलांना जन्मभूमी ओढे की पूर्वजांची भूमी, हे सांगणे कठीण.

मुलीने दिलेला न्याय

1921 मध्ये कॅरोलिन यांचा झेनज्यांगमध्ये अंत झाला. आईच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून पर्लने लगेच तिचे चरित्र लिहून काढले. ते केवळ घरच्यांसाठी होते. पुढे 1936 मध्ये ते 'द एक्झाइल', म्हणजे 'निर्वासित', या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वडिलांचे चरित्रही आले. वडील 1931 मध्ये लुशानला वारले होते. दोन्ही पुस्तकांत आई-वडिलांची भक्तीही आहे आणि त्यांच्या चुकांची परखड नोंदही. नोबेल पारितोषिक देताना निवड समितीने चिनी शेतकरी जीवनाच्या चित्रणाबरोबर या चरित्रांचाही गौरव केला.

पर्ल बक स्वतःही मिशनच्या सेवेत होत्या. पण 1932 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका भाषणात त्यांनी मिशनऱ्यांच्या अहंकारावर आणि ज्यांच्यात काम करायचे त्या लोकांविषयीच्या अनास्थेवर कठोर टीका केली. त्यावरून वादळ उठले आणि पुढच्या वर्षी त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. वडिलांच्या ध्येयापेक्षा आईची माणुसकी त्यांना अधिक पटली होती.

1949 मध्ये त्यांनी अमेरिकेत 'वेलकम हाउस' ही संस्था काढली. आशियाई आणि मिश्र वंशाच्या मुलांना दत्तक घ्यायला त्या काळी तिथे कोणी तयार नसे. अशा मुलांना घर मिळवून देणे हे या संस्थेचे काम होते. दोन्हीकडे परकी ठरणारी मुले कशी वाढतात हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. 1973 मध्ये पर्ल बक यांचे निधन झाले. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या थडग्यावर नाव कोरले आहे, ते फक्त चिनी अक्षरांत.

ध्येयासाठी घरदार सोडणाऱ्यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यही आहे. पण त्या ध्येयाचा खर्च कोण भागवते, हेही कुटुंबात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. समाजकार्य असो, धर्मकार्य असो की परदेशातली मोठी नोकरी, घरच्यांना विश्वासात घेऊन, त्यांच्या 'नाही'लाही मान देऊन केलेले काम अधिक टिकते. कॅरोलिन यांनी एकदा 'नाही' म्हटले, म्हणून त्यांच्या मुलांना एक स्थिर घर, एक बाग आणि शिकायला दोन भाषा मिळाल्या. पर्ल बक यांच्या लेखनाची सगळी शिदोरी त्या घरातली होती.