मेंदूतील दाह, बुद्धीची लवचिकता आणि उंदरांवरील प्रयोग

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण म्हणजे विसरणारा रुग्ण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कित्येक रुग्णांत घरच्यांना आधी खटकतो तो हट्ट. औषधाची वेळ अथवा पलंगाची जागा बदलली, तरी वृद्ध जुन्याच क्रमास चिकटून राहतात. परिस्थिती पालटताच विचार पालटण्याच्या ह्या सामर्थ्यास बुद्धीची लवचिकता म्हणतात. मेंदूतील दाहाने ती कशी उणावते, ह्याविषयी प्राण्यांवर झालेले संशोधन वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

रिचर्ड मॉरिस ह्यांनी १९८१ मध्ये मांडलेली जलचाचणी येथे उपयोगी पडते. गोल हौदातील पाणी गढूळ करून त्यात पृष्ठभागाच्या किंचित खाली एक चौथरा दडवितात. भोवतालच्या खुणांच्या आधारे उंदीर काही दिवसांत तो शोधण्यास शिकतो. येथवर केवळ स्मृतीची परीक्षा झाली. नंतर चौथरा विरुद्ध बाजूस हलवितात. निरोगी उंदीर जुन्या जागी थोडा घुटमळतो व नव्या शोधास लागतो. लवचिकता गमावलेला जुन्याच जागी घिरट्या घालीत राहतो.

हा दोष दाहाशी जोडला जातो तो मायक्रोग्लिया ह्या मेंदूतील रक्षक पेशींमुळे. जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड टोचले, किंवा मानवी जनुकदोष घातलेल्या उंदरांत अमायलॉइड साचू लागले, की ह्या पेशी चेतविल्या जातात. त्यांनी स्रविलेली इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा आदी द्रव्ये चेतापेशींमधील संधींच्या कार्यात बिघाड करतात. (ह्यास सरसकट ‘शोथ’ म्हणून मोकळे होणे आम्हांस रुचत नाही.) लायपोपॉलिसॅकराइड टोचल्यावर प्राणी आजारी पडून सुस्तावतोही, तेव्हा पोहण्याचा वेग तपासल्यावाचून बुद्धीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे.

आता व्यवसायाचा प्रश्न. हळदीतील कर्क्युमिनमुळे जनुकदोषयुक्त उंदरांच्या मेंदूतील दाहकारक द्रव्ये घटल्याचे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले. अल्प मात्रेत अमायलॉइडही घटले. अधिक मात्रेत मात्र ते घटले नाही, हे सहसा कोणी सांगत नाही! पुढे अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन वा निष्क्रिय गोळ्या देऊन पाहण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात रुग्णांना लाभ आढळला नाही; रक्तातील कर्क्युमिनचे प्रमाणही अत्यल्पच होते. प्रयोगशाळेतील उंदीर एका वंशाचे, एका आहारावर वाढलेले. आपल्या रुग्णास मधुमेह, रक्तदाब आणि चार गोळ्या आधीच सुरू. शिवाय कर्क्युमिन म्हणजे समग्र हरिद्रा नव्हे, आणि एका सत्त्वाच्या अपयशाने द्रव्य बाद ठरत नाही, हेही खरे. पण म्हणून उंदरांचा निष्कर्ष बाटलीवर छापता येत नाही. मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत येतात, ह्याचे विस्मरण दुकानदारांना होऊ नये.

आम्ही स्वतः एक बदल केला आहे. स्मृतीच्या तक्रारीचा वृद्ध आला, की ‘काय विसरतात?’ ह्यासोबत ‘नेहमीचा क्रम बदलला तर काय करतात?’ हेही घरच्यांना विचारतो, आणि उत्तर केसपेपरवर तारखेसह लिहून ठेवतो.